मांजरीचा विषाणू

बजरंगरावांच्या मिरचीवर बोकड्या पडला होता. पानं वाटीसारखी वळलेली. अक्षताने त्यांच्या मांजरी गावी जाऊन पानं आणली आणि त्यातल्या विषाणूचा जनुकक्रम काढला. ज्ञात विषाणूंशी साम्य आलं ८९.३ टक्के. या गटात ९१च्या खाली गेलं की प्रजाती नवी मानतात. नावात मांजरी घालायचं ठरलं. तिच्या पीएच.डी.तला हा पहिला शोधनिबंध. तिची मार्गदर्शक म्हणून मी तपासला, ठीक म्हटलं. सोमवारी पाठवायचा होता.

शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, रागावू नका."

"म्हणजे पीसीआरचं जेल बिघडलं."

"जेल उत्तम आलंय. तोच प्रॉब्लेम आहे."

तिने जेलचा फोटो पुढे ठेवला; शोधलेला डीएनए नमुन्यात असला की त्यात पट्टी उमटते. जनुकक्रमाचे दोन भाग जिथे जुळत होते, त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर, म्हणजे नेमकी जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावून तिने पाच झाडांवर पीसीआर केली होती. पाचही रकाने रिकामे, म्हणजे तो सांधा पानात नव्हताच. तेच प्रायमर आपापल्या बाजूच्या भागातल्याच दुसऱ्या प्रायमरबरोबर लावले, तिथे पट्ट्या लख्ख.

"पानात दोन जुने विषाणू एकत्र होते. संगणकाने एकाचा अर्धा आणि दुसऱ्याचा अर्धा जोडून तिसराच बनवला. वेगळे काढले तर एक ९६ टक्के, दुसरा ९७. नवं काही नाही."

"हे करायला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. तो सांधा खटकत होता."

मला खटकला नव्हता. वीस वर्षं मी हेच काम करते. तसं मी तिला सांगितलं.

"पण बजरंगकाकांना काय सांगू? गावभर सांगून बसलेत ते."

"फोन लाव. आत्ताच."

तिने स्पीकरवर लावला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे, काका."

"म्हंजे आमच्या गावचा न्हाय त्यो?"

"नाही. दोन्ही जुनेच आहेत."

"जुने म्हंजे वळखीचे?"

"हो."

"मग कोणती जात टिकती, माशी अडवायला जाळी कवा लावायची, हे कुणीतरी आधी करून बघितलं आसंल की!"

अक्षताने माझ्याकडे पाहिलं. "बघितलंय, काका. उद्या ती माहिती घेऊन येते."

"ये. अन् गावाचं नाव द्यायचंच आसंल, तर मिरचीला दे. रोगाला कशाला?"

सोमवारी निबंध गेला नाही. त्या पाच रिकाम्या रकान्यांचा फोटो मी टेबलासमोर लावला आहे. नवे विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, यात तर काहीच नाही."

"बरोबर," मी म्हणते. "आणि ते अक्षताने शोधलं."