सोमाचा मळा

लहानू म्हणजे मुलखाचा हट्टी माणूस. धाकट्या भावाने, सोमाने, द्राक्षबाग बिल्डरला विकली, तिथे 'मेपल पार्क'चे टोलेजंग टॉवर उभे राहिले, आणि याने शपथ घेतली की हे नाव तोंडातून काढणार नाही. नाहीच काढलं. गाव नाशिकला चिकटलं, मळ्यांच्या कॉलन्या झाल्या, कुठकुठची माणसं येऊन राहिली, ग्रामपंचायतीत सरपंचही टॉवरमधला आला. ग्रामसभेत निम्मं हिंदी. हा मात्र पत्ता सांगायचा तो एकच, सोमाच्या मळ्यासमोर. बायको, भागुबाई, हसायची. म्हणायची, सोमाभावजी कधीच नाशिक रोडला गेले, मळा कुठला घेऊन बसलात?

त्या दुपारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तिच्या छातीत कळ आली. घामाने चिंब झाली, बोलेना. दीपक, त्यांचा मुलगा, गाडी घेऊन पंचवटीच्या मार्केटात गेलेला. शेजारची घरं कुलूपबंद. लहानूने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"सोमाचा मळा," तो म्हणाला.

ड्रायव्हर बाहेरगावचा पोरगा. जवळ कुठली सोसायटी, कुठलं गेट, असं काकुळतीने विचारत राहिला. 'मेपल पार्क'ची पाटी तर लहानूच्या डोळ्यांसमोर होती. पण मेला तो ताठा, ऐन वेळी आडवा आला. भैरोबाच्या चिंचेपासून आत वळ, असं त्याने सांगितलं. अहो, ती चिंच रस्ता रुंद करताना कधीच तोडली होती!

थोड्या वेळाने सायरन ऐकू आला. आली बघ गाडी, म्हणत त्याने भागुबाईचा हात घट्ट धरला. सायरन समोरच्या गेटापाशीच थांबला. ड्रायव्हरने वॉचमनला विचारलं असणार, पण त्या बिचाऱ्याला कोण सोमा नि कुठला मळा? गाडी पुढे निघाली. लहानू तिचा हात सोडून अनवाणी रस्त्यावर धावला, तोवर ती वळणाआड गेली होती. परत आला, तर भागुबाई जुड्यांवर कलंडलेली. सगळं संपलं होतं.

संध्याकाळी मातीला म्हणून तिचा भाऊ पुंजा सायखेड्याहून निघाला. रस्ता चुकला, त्याने फोन केला.

"दाजी, इथं समदं बदललंय. कुठं वळू?"

अंगणात माणसं जमली होती. लहानूने समोरच्या पाटीकडे पाहिलं.

"मेपल पार्क," तो म्हणाला. "कुणालाबी इचार. लगेच सांगतील."