एआय सरांना दम निघत नाही

इंग्रजी बोलायला शिकवणारं यंत्र वर्गात आलं आणि इंग्रजीच्या बाईंचा सगळा तास पोरांना गप्प करण्यात जाऊ लागला. टॅबमधले ते 'एआय सर' एकेकाचं बोलणं ऐकून गुण द्यायचे. पण शेजारच्याने नुसतं नाक ओढलं तरी त्यांच्या हिशेबी तेही इंग्रजीच. मग एकाने बोलायचं आणि बाकीच्या वर्गाने हाताची घडी, तोंडावर बोट. बोलायच्या तासाला! रोगापेक्षा इलाज भयंकर, असं बाई शिक्षकांच्या खोलीत रोज म्हणत आणि रोज मुकाट्याने टॅब चार्जिंगला लावत.

पण खरा वैताग होता तो मुंगीपायी. मुंगी म्हणजे पहिल्या बाकावरची, चणीने एवढीशी आणि बोलताना अडखळणारी मुलगी. शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच फतकल मारून बसायचा. वर्षभर जिवाचं रान करून बाईंनी तिला उभं राहून बोलायला लावलं होतं. एआय सरांना मात्र क्षणाचाही दम निघत नसे. ती जरा थांबली की बोलणं संपलं असं समजून ते गोड आवाजात शाबासकी देत आणि पुढच्या मुलाला पुकारत. आता तोंडी परीक्षेचे गुणही तेच देणार, हे कळल्यापासून मुंगीने हात वर करणंच सोडलं होतं. पोर पुन्हा मुकी होणार, या धास्तीने बाईंना घास गोड लागत नव्हता.

त्या दिवशी मोठ्या बाई टॅबच्या कंपनीतल्या माणसाला वर्ग दाखवायला घेऊन आल्या. बाई त्याच्यावर तुटूनच पडल्या.

"अहो, ही पोर थांबते म्हणजे संपत नाही! तुमच्या सरांना जरा वाट बघायला शिकवा की!"

"मॅडम, सिस्टीम तशीच आहे. तुम्ही मुलीला सलग बोलायची सवय लावा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवय लावा म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय?

"मुंगी, ऊठ. काल घरच्यांनी मिळून काय केलंत ते सांग यांना. इंग्रजीत." आणि त्यांनी टॅब खाडकन बंद केला.

मुंगी उठली. "माय मदर अँड आय..." इथवर नीट आलं, मग गाडी रुतली. मानेच्या शिरा ताणल्या, ओठ नुसतेच हलत राहिले. कंपनीवाल्याने घड्याळात पाहिलं. ते बाईंना दिसलं मात्र, त्यांचा धीर सुटला.

"वेंट टु द मार्केट! बघा, येतं तिला सगळं!"

मुंगी खाली बसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. ती आपल्या भाषेतच बोलली, अडखळतच.

"बाई, आम्ही बा... बाजारात नव्हतो गेलो. ते सर मला मध्येच थांबवतात. पण माझं ने... नेहमी तुम्हीच बोलून टाकता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बाई घाईने म्हणाल्या, "चला, पुढचा वर्ग बघू या."

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या आणि मुंगीच्या बाकावर टेकल्या. "मग काय केलंत गं काल?"

मुंगीने डोळे पुसले. "वी..." आणि पुन्हा अडली. मदतीचा शब्द बाईंच्या जिभेवर सारखा येत होता. त्या तो सारखा गिळत होत्या.