सुमित्रा सिस्टरची बीपीची पेटी

२०१९ साली जबलपूरच्या एका रुग्णालयात जे घडले, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारी जुनी पेटी आहे, काचेच्या नळीत पारा असलेली.

माझी चांगली वर्षे सुमित्रा सिस्टरच्या हातात गेली. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचे होते. मेट्रन माधवी दीदींनी रजा दिली नाही. "तू कॉलेजात गेलीस तर वॉर्ड कोण पाहील? दूरशिक्षणातून कर नं. डिग्री तर डिग्रीच असते."

सुमित्राने ऐकले. ड्युटी सांभाळून, माझ्याशेजारी पुस्तक उघडून ती शिकली. पुढे कॉलेजच्या मुलींना प्रात्यक्षिक दाखवायलाही तिलाच बोलावू लागले. अंतरा नावाची मुलगी रुग्णाच्या दंडाला माझा पट्टा बांधायला तिच्याकडेच शिकली.

मग सुमित्राने एम.एस्सी. नर्सिंगची प्रवेशपरीक्षा दिली आणि वरचा क्रमांक मिळवला. पण प्रवेशाची कागदपत्रे तपासणाऱ्या समितीने तिला अपात्र ठरवले. पदवी दूरशिक्षणाची, एवढेच कारण. त्या समितीत माधवी दीदी होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच दीदी वॉर्डात आल्या.

"सुमित्रा, बीपी पाहून दे बाई. डोकं दुखून राहिलं."

"कॉलेजवाल्या मुली आहेत नं तिकडे, दीदी. रेग्युलर."

"टोमणे नको मारू. तुझ्याच हातचं खरं असते."

"मग काल काहून नाही सांगितलं?"

दीदींनी हात पुढे केला. "नियम आहे. मी काय करू?"

सुमित्राने पट्टा बांधला. पारा पाहून ती एवढेच म्हणाली, "खूप वाढलंय. आडव्या व्हा, डॉक्टरांना बोलावते." त्याच संध्याकाळी ती वकिलाकडे गेली.

खटला वर्षानुवर्षे चालला. शेवटी न्यायालयाने म्हटले, शिकताना मान्य असलेली पदवी नंतर अमान्य ठरवता येत नाही. सुमित्रा जिंकली. पण तोवर सेवेतील परिचारिकांसाठीची प्रवेशाची वयोमर्यादा तिने ओलांडली होती. त्या गेलेल्या वर्षांबद्दल निकालात एक ओळही नव्हती.

पारा विषारी, म्हणून मला आता भांडारात ठेवले आहे. माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणत नाही. ज्या हातांवर तुमचा विश्वास आहे, त्यांची बाजू घ्यायची वेळ आली की नियमाआड लपू नका.

माधवी दीदी निवृत्त होऊन सिव्हिल लाइन्समध्ये राहतात. घरी नवे यंत्र आहे, तरी बीपी पाहायला सुमित्रालाच बोलावतात. ती जाते. अंतरा एम.एस्सी. होऊन कॉलेजात शिकवते. सुमित्रा त्याच वॉर्डात आहे. दरवर्षी अंतरा मॅडम नव्या मुलींना पट्टा बांधायला शिकण्यासाठी तिच्याकडे पाठवतात.