मेलेल्या बॅटऱ्या उठवणारा डबा

बाजारामागच्या पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एक करडी गाडी बोनेट उघडून उभी होती. तिच्यापुढे पांढरा कोट आणि गळ्यात तांब्याच्या तारेची माळ घातलेला एक गृहस्थ हात उंचावून उभा होता. लोक त्याला करंटबाबा म्हणत. कोट डॉक्टरचा, माळ साधूची. विज्ञान मानणाराही फसावा आणि न मानणाराही, अशी चोख सोय होती.

"फिरवा किल्ली!" बाबा गरजला.

गर्दीतल्या एका टॅक्सीवाल्याने किल्ली फिरवली. दिवा नाही, हॉर्न नाही, साधी कुरकुरसुद्धा नाही.

"मेली! बॅटरी मेली! गॅरेजवाला म्हणेल, नवी घ्या. मी म्हणतो, हिच्यात अजून जीव आहे!"

"मग मेली की जिवंत आहे? एक काय ते ठरवा," गर्दीत पुढे उभ्या असलेल्या नर्सबाई पुटपुटल्या.

"शू!" शेजारी उभ्या नवऱ्याने दटावलं. नवरा शिंपी. कापडवाल्याने बोटभर कापड कमी दिलं तर बाजार डोक्यावर घेणारा माणूस, पण बाबाचा बॅटरी भरणारा डबा इतर चार्जरच्या निम्म्या किमतीत मिळतोय म्हटल्यावर पाघळला होता.

चार्जर मात्र खरंच हवा होता. नर्सबाई घरोघरी बाळंतिणी तपासत फिरायच्या आणि त्यांची जुनी गाडी हल्ली रोज सकाळी नुसती कटकट करायची. घरात पुतणी बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले, दवाखाना टेकडीपलीकडे. ऐन वेळी गाडी रुसली तर काय?

"मृतदेहाला आधी स्नान!" म्हणत बाबाने पिवळं फडकं काढलं, बॅटरीची दोन्ही टोकं मायेने पुसली, तारांचे क्लॅम्प दाबून बसवले. मग डब्याचे चिमटे लावले. डबा गुणगुणू लागला, निळे दिवे चढत गेले. "या डब्यात तांबं नाही, तपश्चर्या आहे! वीस... साठ... शंभर! पुनर्जन्म!"

टॅक्सीवाल्याने किल्ली फिरवली आणि गाडी धडधडून सुरू झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांनी तर डोळे पुसले. शिंपीबुवांचा हात खिशाकडे गेला. नर्सबाईंनी तो वरच्यावर धरला.

"बाबा, एक विचारू? माझी गाडी सकाळी कटकट करते, दिवे पिवळट लागतात. उतरलेली बॅटरी निदान कण्हते तरी. तुमची एकदम मुकी कशी?"

"बाई, ती समाधीत होती."

"बेशुद्ध आणि मेलेला यांत मी गफलत केली, तर लोक मला दारात उभं करणार नाहीत. तुम्हाला मात्र उतरलेली, मेलेली, समाधीतली, सगळ्या सारख्याच!" असं म्हणून त्यांनी डब्याचे चिमटे काढले आणि बाबाच्याच लाकडी स्टुलाच्या दोन पायांना लावले.

डबा गुणगुणला. वीस. साठ. शंभर. पुनर्जन्म!

मग टॅक्सीवाला ओरडला, "नर्सबाई, स्टूल फुल्ल झालं! आता चालवत घरी न्या!"

हशा पिकला. "लाकडातही चैतन्य असतं..." असं काहीबाही बडबडत बाबाने फडकं खिशात कोंबायला घेतलं. नर्सबाईंनी त्याचं टोक पकडलं. घडीतून प्लास्टिकची एक पातळ पारदर्शक पट्टी खाली पडली, वाटोळी वळलेली.

त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि ती पट्टी बॅटरीचं टोक आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सरकवली. किल्ली फिरवली, गाडी मुकी. पट्टी काढून क्लॅम्प दाबला, गाडी सुरू. डबा तिकडे स्टुलालाच लटकत होता.

"प्लास्टिकमधून वीज जात नाही. पट्टी होती तोवर बॅटरी मेली, फडक्याने ओढून काढली की पुनर्जन्म! झाला चमत्कार," नर्सबाई म्हणाल्या.

बाबा डबा उचलून, बोनेट आपटून करड्या गाडीत बसला आणि पसार झाला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. न व्हायला काय झालं होतं?

"मग आता आपलं काय?" नवऱ्याने पडेल आवाजात विचारलं. नर्सबाईंनी त्याला सरळ गॅरेजमध्ये नेलं.

गॅरेजवाल्याने बॅटरीवर ताण देऊन मीटर पाहिला. "मेली नाही हो, उतरलीये. पाच-पाच मिनिटं गाडी चालवता, ती भरणार कधी? साधा चार्जर घ्या. स्वस्तातला चालेल, पण बॅटरी भरली की आपोआप बंद होणारा हवा. आणि चिमटे उलटे लागले तर सुरूच होता कामा नये. खरंच मेली असती, तर सोन्याचा चार्जरही उपयोगाचा नव्हता. हे जो सांगत नाही, त्याच्याकडून सुतळीचा तोडासुद्धा घेऊ नका."

साधा चार्जर आला. रविवारी सकाळी लावला, संध्याकाळी आपसूक बंद झाला.

मंगळवारी दुपारी पुतणीला कळा सुरू झाल्या. नर्सबाईंनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. दवाखान्यात पोचून अर्धा तास होतो न होतो, तोच मुलगी झाली. बाळाला पुसताना नर्सबाईंना त्या बाबाचा संताप आला. तो डबा घरी आणला असता, तर पोर दारात कळा सोसत बसली असती आणि डब्यावर शंभरचा आकडा चमकत राहिला असता.

घरी येऊन पाहतात तो नवरा चार्जरसमोर डोळे मिटून, हात जोडून उभा.

"अहो, हात कसले जोडताय?" नर्सबाई कडाडल्या. "त्याच्याबरोबर माहितीचं पुस्तक आलंय, ते आधी उघडून वाचा!"