बाईंच्या बोटांतला पहारेकरी

मी एक जुना, जाणता आणि कर्तव्यनिष्ठ पहारेकरी आहे. जुना म्हणजे, मला जन्माला येऊन वीसेक मिनिटं झाली. हसू नका, मित्रांनो. आमच्यात या वयाला मान आहे, कारण आणखी थोड्या वेळानं मान द्यायला कुणी उरत नाही. तेव्हा पुढे जिथे 'मी' म्हणेन, तिथे माझ्याआधी त्याच साच्यातून निघून गेलेले सगळे भाऊबंदही धरा. आमची अक्कल आणि आमचा राग, दोन्ही वडिलोपार्जित आहेत.

मी एक प्रथिन. शास्त्रज्ञ मला टीएनएफ म्हणतात. मुक्काम एका चष्मेवाल्या बाईंच्या शरीरात. बाई आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून चष्म्यांचं दुकान चालवतात. दादा पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. बाई मागच्या टेबलावर काचा घासतात, काड्या वाकवतात आणि मोहरीएवढे स्क्रू बसवतात.

शरीरात जंतू शिरला की भक्षक पेशी मला घडवतात. तिघातिघांची मोळी बांधून आम्हाला पेशीच्या भिंतीला लटकवतात. मग एक कात्री येते, कचकन कापते आणि मी 'चोर, चोर' अशी बोंब ठोकत सुटतो. तेवढंच माझं काम. माझी बोंब ऐकून रक्त धावतं, सूज येते, पेशी गोळा होतात. पण विश्वास किती, बघा. मला घडवायचा हुकूम निघाला की तो लगेच फाडून टाकणारे तयार. मी बाहेर पडलो की माझी गचांडी धरणारे मोकळे हात रक्तात फिरताहेत. एवढा बंदोबस्त तुमच्या शाळेच्या घंटेवरही नसतो. तरी मी कुरकुर केली नाही. ओरडणाऱ्याला आवर हवाच.

पुढे बाईंच्या शरीरातल्या वरिष्ठांचं डोकं फिरलं. त्यांनी ठरवलं, सांधे हेच चोर. हुकूम आला, ओरडा. मी ओरडलो. बाईंची बोटं सुजली, सकाळी मूठ मिटेना. स्क्रू बोटांतून निसटे, आणि बाई गुडघे टेकून टेबलाखाली चाचपडत. गुडघेही त्याच दुखण्यातले. दादा पुढून म्हणत, "पडला की मला सांगत जा, मी वाकतो." एकदाही वाकले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी माझं नाव घेऊन सांगितलं, की या आगीचं मूळ हा टीएनएफ. मूळ! हुकूम देणारे वरच्या मजल्यावर मोकळे, आणि आरोपी कोण, तर निरोप्या. मला नेमकं पकडणारं इंजेक्शन त्यांच्याकडे होतं. ते देण्याआधी मात्र त्यांनी एक शहाणा प्रश्न विचारला.

"टीबीची चाचणी निगेटिव्ह आलीय, छातीचा फोटोही ठीक आहे. पण तुम्ही स्टेरॉइडच्या गोळ्या घेताय, त्यानं चाचणी फसू शकते. म्हणून तोंडी विचारते. घरात कुणाला कधी टीबी?"

आता, बाईंच्या उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला टीबीचे मूठभर जंतू कोंडलेले होते. तरुणपणी भाऊबहीण दुकानावरच्या एकाच खोलीत राहत. दादा तेव्हा महिनोन्‌महिने खोकत होते. लपूनछपून औषध घेऊन बरे झाले, आणि थोडे जंतू बहिणीकडे ठेवून दिले. त्या जंतूंभोवती पेशींची भिंत आहे, आणि ती माझ्या बोंबेवर उभी आहे. मी गप्प झालो की पेशी पांगतात. हे मी घसा फोडून सांगत होतो. पण माझा आवाज कातडीबाहेर जात नाही.

"छे," दादा म्हणाले. "आमच्या घराण्यात नाही."

बाईंनी दादांकडे पाहिलं. मग त्याही नाही म्हणाल्या.

घरी जाताना त्या घुटमळल्या, तर दादांनी समजावलं. "आपण लोकांच्या नाकाशी नाक नेऊन चष्मा बसवतो. हे बाहेर फुटलं, तर कोण पायरी चढेल?"

इंजेक्शन फ्रिजमध्ये दुधाशेजारी येऊन बसलं. बाई ते पोटाच्या कातडीत टोचून घेऊ लागल्या. दोन हातांचं ते धिप्पाड प्रथिन रक्तात उतरलं आणि दिसेन तिथे मला धरू लागलं. बोटं उतरली. मूठ मिटली. स्क्रू पहिल्या फटक्यात बसला, आणि दादा म्हणाले, उगाच बोललो असतो.

भिंत ढासळत होती. बाईंना संध्याकाळी कणकण येई, कपडे ढगळ झाले, खोकला लागला. दादा म्हणाले, हवा बदलतेय. मग एक दिवस बाई एका लहान मुलाच्या कानामागे काडी बसवत होत्या, अगदी नाकाशी नाक, आणि खोकल्याची उबळ आली. तोंड वळवायला उशीर झाला. मुलाच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. त्यानं ते बाहीला पुसले.

बाईंनी पेचकस खाली ठेवला आणि तशाच दवाखान्यात गेल्या. दादा मागोमाग.

"दादाला टीबी झाला होता," बाई म्हणाल्या. "मी त्याच्याच खोलीत झोपायचे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"मी खोटं नाही बोललो," दादा म्हणाले. "घराण्यात नाही म्हटलं. मी एकटा म्हणजे घराणं थोडंच?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना मास्क दिले. बाईंचा कफ तपासायला, दादांना फोटो काढायला धाडलं. बाईंनी मुलाचं सांगितलं, तेव्हा त्यालाही आणा म्हणाल्या.

"म्हणजे त्याच्या आईला सांगावं लागणार," दादा म्हणाले.

"हो. आणि ते तुम्ही सांगणार."

दादांनी सांगितलं. मुलाची आई काय म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढे मुलाची तपासणी निर्मळ निघाली.

इंजेक्शन थांबलं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी सुटलो, भिंत पुन्हा उभी राहिली. जिंकलो म्हणायला हरकत नव्हती, फक्त बाई पुन्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागल्या होत्या. मधे बंद ठेवलेलं दुकान उघडल्यावर स्क्रू पुन्हा पडू लागले. आता मात्र दादा टेबलाखाली वाकत.

मित्रांनो, औषध वाईट नाही. ते ज्याला धरतं, तो मी हे सांगतोय. पण कुणाला गप्प करण्याआधी तो कशावर पहारा देतोय, हे विचारावं. आणि विचारणाऱ्याला खरं सांगावं. घराण्याचं नाक जपताना दादांनी फुप्फुस पणाला लावलं, तेही बहिणीचं.

टीबी बरा झाल्यावर कुणीतरी माझी माफी मागेल, असं वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण विचार करून तेच इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. आत्ता हे बोलता बोलता त्यानं मला धरलंय. बाईंच्या हातात त्या मुलाचा चष्मा आहे.

त्याचा नंबर वाढलाय.