सांताचे कपडे

डिसेंबर उजाडला की शिंपिणीच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. जिकडे बघावं तिकडे लाल कापड, पांढरी लोकर आणि सांताक्लॉजचे अर्धवट कोट. दुकानवाल्याला उद्या सकाळी बारा हवे होते आणि अजून तीन कोटांना बाह्या नव्हत्या. तरी तिच्या जिवाची घालमेल चालली होती ती कोटांपायी नव्हे, पोरीपायी.

पोर पाच वर्षांची, आणि जिभेला हाड म्हणून नाही. अख्ख्या शाळेत ज्यू अशी ही एकटीच. आणि आज तिनं भर वर्गात सांगून टाकलं, "सांता-बिंता काही नसतो. माझी आई शिवते त्याला." झालं! निम्मा वर्ग रडला. शेजारच्या इमारतीतली तिची एकुलती एक मैत्रीण हात सोडवून निघून गेली.

"उद्या तिला वर्गात उभं राहून 'मी खोटं बोलले' असं म्हणू दे," शाळेतल्या बाई म्हणाल्या. शिंपीण 'बरं' म्हणून आली आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडली होती. खरं बोलली म्हणून पोरीला खोटी पाडायची? आणि नाही पाडली, तर हिनं वर्षभर डबा कुणाबरोबर खायचा?

संध्याकाळ झाली. हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची, पाचवी. आज लोकांच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून तिनं मेणबत्त्यांचं स्टँड स्वयंपाकघरात मांडलं.

"आई, खिडकीत!" पोर ओरडली. "लोकांना दिसायला असतं ना ते? तूच सांगितलंस."

"आज राहू दे गं."

"का? आपण काय चोरी केलीय?"

स्टँड खिडकीत गेलं. मेणबत्त्या लागल्या आणि नवीच पंचाईत झाली. त्या जळत असेपर्यंत घरच्या बाईनं काम करायचं नाही, ही तिच्या आईपासून चालत आलेली रीत. समोर तीन कोट बाह्यांवाचून पडलेले आणि ही हातावर हात धरून बसलेली! ती उठली, बसली, पुन्हा उठली, टाचण्या वेचायला वाकली. पोरीनं डोळे वटारले.

इतक्यात दार वाजलं. मैत्रीण, आणि मागे तिचे बाबा. "खिडकीत दिवे दिसले, मग ऐकेचना," ते म्हणाले.

मैत्रीण थेट कोटांपाशी गेली. "काकू, खिसे मोठे ठेवा हं. मागच्या वर्षी माझी बाहुली मावली नसणार, म्हणून राहिली." मग पोरीकडे वळून म्हणाली, "तुमच्याकडे तर तो सगळ्यात आधी येत असेल!"

सांता आपल्याकडे का येत नाही, नेमकी हीच गोष्ट शिंपीण दर डिसेंबरात टाळत आली होती.

"छे! आम्ही ज्यू आहोत ना," पोर म्हणाली. "आमच्याकडे तो येत नाही, त्याचे कपडे येतात. आता बस इथे. मेणबत्त्या विझल्या की आई खिसा लावून दाखवेल."

दोघी खिडकीखाली मांडी घालून बसल्या. शिंपीण त्यांच्याशेजारी टेकली. बाह्यांचं काय व्हायचं ते होवो. उद्या शाळेत ती स्वतः जाणार होती, माझी पोर 'मी खोटं बोलले' असं म्हणणार नाही, एवढंच सांगायला.