हळदीतले चेंडू

सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, कालवा वळण घेतो तिथे, तांड्यातल्या मोहनसिंगची थोडी मुरमाड जमीन आहे. पेरून काही हाती लागत नाही म्हणून त्याने ती लेकीला खेळायला देऊन टाकली होती. कालवा ओलांडला की उकंडरावांची हळद सुरू होते. थंडीच्या दिवसांत ती कमरेच्या वर वाढते, आणि वारा सुटला की पानांची अशी सळसळ होते की आत कुणीतरी चालत असावं. मिनाने मारलेले चेंडू त्या हळदीत जाऊन पडत. उकंडराव ते गोळा करून परत आणून देत. तक्रार करायची म्हणून करत, पण पोरीचं कौतुक त्यांच्या तोंडावर दिसे.

मिना एकोणीस वर्षांची होती. लहानपणी गुरांमागे फिरताना ती वाळक्या पऱ्हाटीने ढेकळं उडवायची. शाळेतल्या विश्वंभर सरांनी एकदा ते पाहिलं आणि तिच्या हातात बेसबॉलची बॅट दिली. सगळा गाव क्रिकेटचा, त्यामुळे हा खेळ कसला हे घरात कुणालाच कळलं नाही. पण चेंडू बॅटवर आल्यावर जो आवाज व्हायचा तो मात्र सगळ्यांना कळला. कोरडा, भरीव, एकदाच होणारा आवाज. मिनाला चेंडू येताना दिसायचा असं नव्हतंच. ती डावी टाच जराशी उचलायची, पुन्हा टेकवायची, आणि चेंडू जिथे असायला हवा तिथे असायचा. इतरांना जे शिकावं लागतं ते तिच्याकडे आधीच होतं, आणि ते कुठून आलं असं तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मोहनसिंग शेतावरून आला की तिला चेंडू टाकायचा. कुणी शिकवलं नव्हतं, तरी धरणात मासे धरायला जाळं फेकून फेकून त्याचा खांदा तयार झालेला होता. उजेड आहे तोवर बापलेक तिथे असत, आणि तांड्यात चुलीपाशी बसलेली तिची आई जिवनबाई आवाजावरून सांगत असे, आज पोरीला चांगलं लागून राहिलं.

मग मिना जिल्ह्याच्या संघात गेली, राज्याच्या संघात गेली, आणि देशाच्या संघासाठी निवडायच्या मुलींचं शिबिर पुण्याजवळ भरलं तेव्हा त्यात तिचं नाव आलं. तालुक्याला, औंढ्याच्या चौकात तिचा फोटो लागला. सत्कार झाले, नारळ आणि शाली घरात ठेवायला जागा उरली नाही. निघायच्या दिवशी तांड्यातल्या बाया रस्त्यापर्यंत आल्या. विश्वंभर सर एवढंच म्हणाले, "तुझ्यासारखी मारणारी मी पाह्यली न्हाई बेटा. आता सगळ्यांना पाहू दे."

शिबिरात तिला एकही चेंडू धड लागला नाही.

पहिले काही दिवस कुणी मनावर घेतलं नाही. मैदान नवं, माणसं नवी. पण आठवडे गेले तरी तेच. तिच्या उभं राहण्यात खोट नव्हती, हात वेळेवर फिरत होते, बॅट चेंडूच्या जागी बरोबर पोचत होती. फक्त चेंडू तिथे नसायचा. तो मागे जाळीत आदळल्याचा आवाज यायचा आणि मिना रिकाम्या जागेकडे बघत राहायची. प्रशिक्षक राजनंदिनी मॅडम फार बोलणाऱ्या नव्हत्या. एकदा सराव संपल्यावर त्या तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू चेंडूची वाट बघत नाहीस, मिना. कुणाची बघतेस?"

मिना बुटांच्या नाड्या सोडू लागली. पण त्या संध्याकाळी तिला मुरमाड जमिनीची, कालव्याच्या गार वासाची, बापाच्या हाताची इतकी आठवण आली की ती जेवणाच्या रांगेतून परत फिरली. घरापेक्षाही, तिथे असताना आपण जी होतो तिची आठवण येत होती. तिने घरी फोन लावला.

"उकंडराव येऊन गेले," जिवनबाई इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली. "चेंडू देऊन गेले. म्हनले, पोरीला सांगा, हळद मोडून राहिली."

"जुने असतील, याडी," मिना आईला म्हणाली. "मी असतानाचे."

"न्हाई गं, कोरे हायेत की. जराबी डाग न्हाई." जिवनबाईला त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. मग मोहनसिंग फोनवर आला. त्याचा आवाज थकलेला होता. खांदा दुखून राहिला म्हणाला. काहून, असं मिनाने विचारलं तेव्हा त्याने साध्या गोष्टीला द्यावं तसं उत्तर दिलं, "चेंडू टाकून."

"कुणाला, बा?"

"नीट जेवत जा," मोहनसिंग म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अंतिम निवडीच्या आधी मॅडमनी तिला काही दिवस घरी जाऊन यायला सांगितलं. त्यात शिक्षा नव्हती, पण परत येताना काहीतरी घेऊन ये, असं त्या म्हणाल्या, आणि ते म्हणजे तिचा हरवलेला फटका, हे दोघींनाही ठाऊक होतं.

औंढ्याला एसटीतून उतरून ती जीपने तांड्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. तिने येण्याचं कळवलं नव्हतं. तरी जिवनबाई दारात तूर निवडत होती ती उठली नाही, कधी आलीस म्हणाली नाही. मान वर करून तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पाय धू. सकाळी बी जेवली न्हाईस नीट." मिनाला वाटलं, आईला प्रवासाबद्दल म्हणायचं असेल. ती आत गेली. दोरीवर तिचा शाळेच्या संघाचा निळा शर्ट वाळत होता, अजून ओलसर. तिने तो घरी ठेवून दिला होता हे खरं, पण धुतलेला आणि घडी घातलेला. कोपऱ्यातल्या तिच्या जुन्या बुटांना मुरमाची लाल धूळ लागली होती. कुणी वापरले असतील, तिने स्वतःला सांगितलं. पण त्या घरात तिच्या पायाचं दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मोहनसिंगने सवयीने चेंडूंची बादली उचलली आणि ती त्याच्यामागे गेली. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. तिने जुनी बॅट घेतली, डावी टाच उचलली, टेकवली. चेंडू गेला. दुसरा गेला. बादली संपत आली तरी एकही लागला नाही. मोहनसिंग हळूहळू चालत जवळ आला. तिच्या मनगटाला हात लावून त्याने बघितलं, जसं आजारी लेकराला बघतात.

"काहून गं? काल तर कालव्यापल्याड जाऊन राहिले व्हते."

"काल मी इथं नव्हते, बा."

तो मनगट सोडून मागे सरला. मग खाली वाकून चेंडू वेचू लागला, आणि वेचता वेचता म्हणाला, "बरं." एखादं पोरगं हट्टाने काही सांगतं आणि मोठी माणसं त्याच्याशी वाद घालत नाहीत, तसा तो सूर होता.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी घरून निघाली, पण मैदानाकडे गेली नाही. लांबून वळसा घालून, कालव्याच्या छोट्या पुलावरून ती पलीकडे गेली आणि बांधाच्या आड, हळदीच्या कडेला बसून राहिली. बापाला तिने काही सांगितलं नव्हतं. तो थोडा वेळ वाट पाहील आणि परत जाईल, असं तिला वाटलं होतं. किंवा तसं व्हावं अशी तिची इच्छा होती.

आवाज आला.

कोरडा, भरीव, एकदाच. तिच्या डोक्यावरून चेंडू गेला आणि हळदीच्या पानांत शिरला. मिनाचे डोळे भरून आले. भीती तिला वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते वेगळंच. परमुलखात खूप दिवस राहिलेल्या माणसाला अचानक आपली बोली कानावर पडावी, तसं. ती बांधावर पोटावर सरपटत वर गेली आणि तिने पाहिलं.

मोहनसिंग चेंडू टाकत होता. त्याच्यासमोर, मावळतीच्या उजेडात तोंड न दिसणारी, निळा शर्ट घातलेली मुलगी उभी होती. लांब वेणी, कोपर जरासं वर. डावी टाच उचलली गेली, टेकली, आणि चेंडू जिथे असायला हवा तिथे होता. मिनाने स्वतःला मारताना कधी पाहिलं नव्हतं. शाळेत कुणी मोबाइलवर घेतलेले तुकडे पाहिले होते, पण त्यात कळत नसे की हे इतकं सोपं दिसतं, इतकं सुखाचं. उडालेल्या चेंडूमागे मान वळवून बाप हसत होता. तिने त्याला शिबिराला निघायच्या आधीपासून, कितीतरी दिवसांत, असं हसताना पाहिलं नव्हतं.

उजेड मावळला तसा मोहनसिंग खांदा चोळत कालव्यावर हातपाय धुवायला गेला. मिना पूल ओलांडून मैदानात आली. तिथे कुणी नव्हतं. मुरमावर बॅट पडलेली होती. तिने ती उचलली. मूठ गरम होती, घामाने ओलसर. ती धरून उभी राहिली आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या हळू आवाजात म्हणाली, "तू जा तिकडं. मी राहते इथं."

हळदीत वारा शिरला आणि थांबला. मग पुरता अंधार होण्याआधी ती घरी आली, जेवली आणि गाढ झोपली.

सकाळी मिना जीपमध्ये बसली. तिला हलकं वाटत होतं. तांड्याच्या तोंडाशी जिवनबाई पाण्याची घागर घेऊन येताना दिसली, तेव्हा मिनाने खिडकीतून हात हलवला. जिवनबाईने पाहिलं, परक्या गावच्या पोरीने हात केला तर हलवावी तशी ओळखदेख नसलेली मान हलवली, आणि ती घराकडे वळली. जीप सुरू झाली होती, उन्हाची तिरीप आईच्या डोळ्यांवर होती, असं मिनाने मनाशी म्हटलं.

शिबिरात पहिल्याच सरावाला चेंडू कुंपणाबाहेर गेला. दुसराही गेला. मुली हातातलं सोडून बघू लागल्या. राजनंदिनी मॅडमनी वेगाने टाकणारीला पुढे बोलावलं, आणि तिचेही चेंडू त्याच वाटेने गेले. निवड जाहीर झाली तेव्हा मिनाचं नाव सर्वांत आधी वाचलं गेलं. विश्वंभर सरांचा फोन आला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "भेटली का, जिची वाट बघत होतीस ती?" मिना हसली. आपण फार सुखात आहोत हे तिला कळत होतं. एक गोष्ट मात्र कळत नव्हती. घराची आठवण आता येत नव्हती. यायला हवी म्हणून ती आठवू पाहायची, तर कालवा आठवे, हळद आठवे, बापाचा हातही आठवे, पण सगळं कुणीतरी आपल्याला सांगितल्यासारखं.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. घरातला बटणांचा फोन जिवनबाईनेच उचलला.

"याडी," ती म्हणाली, "माझं नाव आलं."

"कोण बोलून राहिलं?"

"मी. मिना."

जिवनबाई परक्या, शहरातल्या माणसाशी बोलावं तशा जपलेल्या शब्दांत म्हणाली, "मिना व्हय? मिना हाय की घरात. भाकरी करून राहिली. तुमी तिच्या शिबिरातल्या का बाई?"

फोनमध्ये, आईच्या आवाजामागे, परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एका लयीत, न चुकता. मिना ऐकत राहिली. तिला काही म्हणायचं होतं, पण कोणत्या नावाने सुरुवात करावी ते सुचेना.

"थांबा," जिवनबाई म्हणाली, "देते तिला."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.